खेळाडू गेला, आता जर्सीचं काय? पुण्यातल्या नाव-बदल छपाईचा आढावा

फुटबॉलपटू ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्डने ५ मे २०२५ रोजी लिव्हरपूल हा इंग्लिश क्लब सोडत असल्याचं सांगितलं. ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध तो अ‍ॅनफिल्डवर उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला मुलगा करार संपता संपता रेआल माद्रिदला जातो, हे चाहत्यांना लागणारच. २०११च्या जानेवारीत फर्नांडो टोरेस चेल्सीला गेला, तेव्हा तर लिव्हरपूलमध्ये त्याच्या नावाच्या जर्सी पेटवल्या गेल्या होत्या. कितीही राग आला तरी हे करू नये. पॉलिस्टर पेटलं की वितळतं, त्याचे जळते थेंब गळतात आणि कातडीला चिकटतात. जर्सी क्लबाची आहे, ती ठेवायची असेल तर नाव बदलून घेता येतं. पुण्यात हे काम करून मिळतं, पण सगळीकडे सारखं नाही आणि प्रत्येक जर्सीवर तर मुळीच नाही.

पुण्यात हे काम दोन प्रकारचे लोक करतात. एक म्हणजे स्थानिक संघांचे किट बनवणारी खेळसाहित्याची दुकानं, आणि दुसरे टी-शर्ट छापणारे. या दुसऱ्यांचा मुख्य धंदा कंपन्यांचे, दहीहंडीचे आणि गणेश मंडळांचे टी-शर्ट. खरी अडचण इथेच होते. युरोपातला उन्हाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू घेण्या-देण्याची मुदत, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या १ तारखेच्या आसपास बंद होतो आणि बरेच मोठे सौदे शेवटच्या आठवड्यात होतात. पुण्यातले छपाईवाले तेव्हा मंडळांच्या आणि ढोल-ताशा पथकांच्या ऑर्डरींत बुडालेले असतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि विंडोचा शेवट १ सप्टेंबरला होता. अशा दिवसांत एकट्या जर्सीचं काम घाईत उरकलं जातं. अनंत चतुर्दशी होऊन जाऊ द्या, मगच जर्सी घेऊन जा. राग तोपर्यंत निवळला, तर कदाचित जायचीही गरज पडणार नाही.

दुकानात पाय ठेवण्याआधी आपल्या जर्सीवर नेमकी कुठली छपाई आहे ते पाहा. नखाने अक्षराची कड चाचपा. कड जाणवत असेल आणि अक्षर रबरासारखं लवचिक, एकरंगी असेल, तर ते बहुधा पीयू विनाइल, म्हणजे कापून तापाने चिकटवलेला प्लास्टिकचा पत्रा. ते निघतं. छपाई पातळ, बहुरंगी, प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखी असेल तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर उतरवलेली. तेही निघतं, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि गोंद मागे राहतो. कडच नसेल आणि रंग कापडातच मुरलेला असेल, तर ते सब्लिमेशन. १९०–२०० अंश सेल्सिअसला रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरलेली असते. हे नाव काढून देतो असं कोणी म्हणाला, तर जर्सी उचला आणि बाहेर पडा. ऑफिस लीग किंवा सोसायटीच्या स्पर्धांसाठी बनवलेली किट बहुतेक याच पद्धतीची असतात.

विनाइल काढण्याची बरोबर रीत अशी. जर्सी उलटी करायची, हीट प्रेसने (तापवून दाबणाऱ्या यंत्राने) आतल्या बाजूने १३०–१४० अंशांवर काही सेकंद ताव द्यायचा, मग बाहेरून चिमट्याने अक्षराचा कोपरा उचलून कापडाला जवळजवळ समांतर, हळू ओढायचं. वर, काटकोनात खेचलं तर जाळीदार कापडाचे धागे ओढले जातात. अक्षर गार झालं की पुन्हा ताव. उरलेल्या गोंदासाठी विनाइल रिमूव्हर कापडाच्या मागून थेंब-थेंब सोडतात, मिनिटभर मुरू देतात आणि कापड ताणून गोंद खरवडतात. त्याआधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून रंग सुटतो का ते बघायलाच हवं. आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक म्हणजे थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर सरळ समोरून ओतणं. पॉलिस्टर एक वेळ टिकेल, पण बोळा पुढच्या प्रायोजकाच्या छपाईला किंवा तापाने चिकटवलेल्या बिल्ल्याला लागला तर ते विरघळतं. गोंद पूर्ण न काढता त्यावर नवं विनाइल चढवणं ही दुसरी चूक. पहिल्या दोन-तीन धुण्यांत अक्षराची कड उचलली गेली, की समजावं आत जुना गोंद आहे.

काम उत्तम झालं तरी एक गोष्ट जात नाही, ती म्हणजे जुन्या नावाची सावली. आजूबाजूचं कापड उन्हाने आणि धुण्याने फिकटतं, अक्षराखालचं झाकलेलं राहतं. प्रेसने दबलेला पोत वाफेने बराचसा उठतो, रंगातला फरक मात्र उठत नाही. त्यामुळे नवं नाव निवडताना जुन्याची रुंदी मोजा. अलेक्झांडर-आर्नॉल्ड म्हणजे इंग्रजीत १५ अक्षरं आणि मधली आडवी रेघ, जवळजवळ खांद्यापासून खांद्यापर्यंत, आणि खाली नंबर ६६. त्याच २०२४–२५च्या जर्सीवर लिव्हरपूलच्याच ग्राव्हेनबर्खचं नाव आणि ३८ घेतलं, तर ११ अक्षरं येतात आणि दोन्ही टोकांना सावली उघडी पडते. आकड्यांत ८ खाली एक ६ चांगला झाकला जातो, ३ च्या डाव्या बाजूला मात्र दुसऱ्या ६ ची कमान दिसते. त्याचाच सहकारी सोबोस्लाईचा एकटा ८ घेतला तर दोन्हीकडून ६६ डोकावतो. पाच-सहा वेळाच घातलेल्या जर्सीवर हे फारसं कळत नाही. दोन मोसम वापरलेल्या लाल जर्सीवर लांबून कळतं.

नवी छपाई करताना लाल, निळ्या आणि गडद रंगांना मोठा धोका आहे. पॉलिस्टरचा रंग फार तापला की वर येतो आणि पांढऱ्या विनाइलमध्ये झिरपतो. अक्षरं दुकानात पांढरीशुभ्र दिसतात, काही दिवसांत गुलाबी होतात. म्हणून हा रंग अडवणारं ‘सब्लिमेशन ब्लॉक’ किंवा १३० अंशांच्या आसपास चिकटणारं विनाइल आहे का हे स्पष्ट विचारा. साधं विनाइल १५०–१६० अंशांवर १०–१५ सेकंद दाबतात, सुती टी-शर्टला ते ठीक आहे. मंडळांची कामं करणाऱ्याचं मशीन दिवसभर त्याच तापमानावर असतं आणि जर्सीसाठी ते खाली आणायचं राहून जातं. प्रेसवर टेफ्लॉन शीट आणि शिवणीच्या उंचवट्यासाठी आत गादी ठेवतो का, तेही पाहा. ‘प्लेयर व्हर्जन’, म्हणजे खेळाडू घालतात तशा जर्सीवर हा खटाटोप करूच नये असं आमचं ठाम मत आहे. तिचं कापड पातळ, भोकाभोकांचं असतं आणि छातीवरचा बिल्ला तापाने चिकटवलेला असतो. चाहत्यांसाठीच्या ‘फॅन व्हर्जन’चा बिल्ला सहसा भरतकामाचा, तो दुसरा ताव सोसतो. फर्ग्युसन रस्त्यावर किंवा कॅम्पात मिळणाऱ्या ‘फर्स्ट कॉपी’चं कापड कसं वागेल याचा भरवसा नाही. तिथे आधी तळाच्या पट्टीवर चाचणी घ्यायला लावा.

फॉन्टकडे दुकानदार लक्ष देत नाहीत, आपण द्यायचं. प्रीमियर लीगमध्ये सगळ्या क्लबांचा फॉन्ट एकच असतो आणि तो २०२३–२४ मध्ये बदलला. त्याआधीच्या जर्सीवर नवा फॉन्ट खटकतो. युरोपीय सामन्यांत क्लब आपापला फॉन्ट वापरतात. ग्योकेरेश, ओडेगार्ड यांसारख्या नावांत टिंबांचा किंवा तिरप्या रेघेचा ओ असतो आणि कटिंग प्लॉटरवरच्या (अक्षरं कापणाऱ्या यंत्रावरच्या) फाइलीत तो नसला की साधा ओ कापून मोकळे होतात. कापण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. मग पाठीची घडी घालून मधली रेघ काढायला लावा. अक्षरं मधून दोन्हीकडे मांडायची, डावीकडून सुरुवात केली की नाव हमखास सरकतं.

दर ठरवताना काढण्याचे वेगळे, लावण्याचे वेगळे, आणि लावण्याचे अक्षरामागे की अख्ख्या सेटचे, हे आधी विचारा. कापड खराब झालं तर काय, हेही. बहुतेक जण जबाबदारी घेत नाहीत. जो सुरुवातीलाच तसं सांगतो, तो निदान काम ओळखून असतो.

त्याच खेळाडूची नव्या क्लबाची जर्सी घेणाऱ्यांनी नंबर जाहीर होईपर्यंत थांबावं. डेक्लन राईस २०२३ मध्ये वेस्ट हॅममधून आर्सेनलला गेला आणि ४१ सोबत घेऊन गेला. हॅरी केनचा स्पर्समधला (टॉटनहॅममधला) १० बायर्न म्युनिकमध्ये ९ झाला. रोनाल्डो २००९ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा ७ राऊलकडे होता, म्हणून पहिल्या मोसमात त्याने ९ घातला. ट्रेंटच्या तर माद्रिदमधल्या जर्सीवर आडनावही नाही, नुसतं ‘ट्रेंट’ आणि १२.

एक जर्सी मात्र कुठल्याही छपाईवाल्याकडे नेऊ नका: एफसी पुणे सिटीची. २०१९ मध्ये संघ बंद झाला, इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली, संघाचा खेळाडू आशिक कुरुणियन बेंगळुरूला गेला. बालेवाडीत घातलेल्या त्या जर्सीवर ज्याचं नाव असेल ते राहू द्या. ती पुन्हा मिळणार नाही.

नवी छपाई झाल्यावर २४ तास जर्सी धुवू नका. नंतर उलटी करून, ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात, ब्लीचशिवाय धुवा. पावसाळ्यात पुण्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओली जर्सी इस्त्रीने सुकवायचा मोह होतो. इस्त्रीचा तवा अक्षराला लागला की विनाइल त्यालाच चिकटून येतं. पंख्याखाली हँगरवर, उलटीच टांगा.