नुसता चमकणारा रंग की गाठ ओळखणारा?

काकांच्या स्वादुपिंडाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा देवगडची काकू म्हणाली, "आंबो कापल्याशिवाय साको दिसत नाय, तसाच मा ह्या?" (साका म्हणजे आंब्याच्या आतला बिघडलेला गर.) अगदी तसंच. गाठ कुठे संपते ते सर्जनच्या डोळ्यालाही धड कळत नाही. म्हणून मदतीला चमकणारे रंग, आणि त्यांचे दोन प्रकार.

पहिला रंग इंडोसायनीन ग्रीन, १९५९पासून वापरात आहे. शिरेत टोचलं की मिनिटाभरात इन्फ्रारेड कॅमेऱ्यात रक्तवाहिन्या चमकतात, पुढे पित्तनलिकाही. पण कॅन्सर ते ओळखत नाही.

दुसरा रंग अँटिबॉडीला, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूला, बांधलेला. ती सीईए किंवा ईजीएफआर हे प्रथिन मिरवणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना चिकटते. तो काही दिवस आधी द्यायचा, म्हणजे रक्तातला मोकळा रंग ओसरतो आणि गाठ उठून दिसते. सेंटिमीटरभर खोलीपलीकडचं मात्र त्यालाही दिसत नाही. गाठीच्या कडेसाठी मी हाच निवडेन. पण स्वादुपिंडासाठी तो अजून चाचण्यांतच आहे.