घरच्या आर्केडसाठी: तयार बॅटोसेरा की हाताने बांधलेलं डेबियन?

सुताराने आर्केडचं कॅबिनेट (गेम पार्लरमधल्या मशीनसारखं कपाट) आणून दिलं, जॉयस्टिक-बटणं बसली, ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आत आवळून झाला, आणि मग प्रश्न आला की आत सिस्टिम कोणती टाकायची. सध्या याच टप्प्यावर कोणी असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय. बॅटोसेरा म्हणजे जुन्या खेळांसाठी सगळं आधीच बसवून मिळणारं लिनक्स, आणि डेबियन म्हणजे साधं लिनक्स, ज्यावर हवं ते आपणच बसवायचं. मी दोन्ही वापरून पाहिलंय. बॅटोसेरावर चार महिने काढले, आणि आता वर्ष होत आलं, डेबियनवर आहे.

मला हवं होतं ते एवढंच: कॅबिनेटच्या मागचं बटण दाबलं की थेट खेळांची यादी यावी. डेस्कटॉप नको, लॉगिन नको, कीबोर्ड तर नकोच. आणि खेळून झालं की तेच बटण बंद करून उठता यावं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या पार्लरचा मालक शटर ओढायच्या आधी मेन स्विच खाली करायचा आणि सगळी मशीन एकदम गप्प व्हायची. घरातलं मशीनही तसंच वागावं, हा माझा हट्ट होता.

विंडोज छाटूनही हे करता येतं. नेहमीच्या शेलच्या (डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जागी थेट खेळांचा मेनू लावतात. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून तिकडे वळलो नाही. तुमच्याकडे १५ किलोहर्ट्झचा जुना सीआरटी (पार्लरच्या मशीनमधला काचेच्या नळीचा पडदा) असेल, तर पुढचं वाचण्याआधी ग्रूव्हीआर्केड ही सिस्टिम बघून घ्या, ते त्याच कामासाठी बनलंय. माझा एलसीडी आहे.

बॅटोसेराबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पेन ड्राइव्हवर इमेज लिहिली, लावली, आणि पंधरा-वीस मिनिटांत 'मुस्तफा' सुरू झाला. म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण आपल्याकडे त्या नावाने तो कोण ओळखतो! शेडर (जुन्या पडद्यासारखं चित्र दाखवणारे इफेक्ट), कडेच्या चौकटी, डझनावारी जुन्या कन्सोलची सोय, सगळं आधीच जुळवलेलं. मूळ सिस्टिम दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत असते आणि तुमचं सामान वेगळ्या विभागात, त्यामुळे अचानक वीज गेली तरी सिस्टिमला सहसा धक्का लागत नाही. ही रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे.

डेबियनचं उलट. तिथे काहीच तयार नाही. नेटइन्स्टॉलच्या (इंटरनेटवरून सिस्टिम बसवण्याच्या) शेवटी काय काय बसवायचं ते विचारतात, तिथली प्रत्येक खूण काढून टाकायची. डेस्कटॉप तर नाहीच, 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज'सुद्धा नको. मग रेकमेंड केलेली पॅकेजं ओढू नकोस असं ॲप्टला (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) सांगायचं आणि एकेक वस्तू आणायची: पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरचा गाभा, ग्राफिक्सचं फर्मवेअर, आवाज सांभाळणाऱ्या अल्साची साधनं, आणि आर्केडचे खेळ चालवणारा इम्युलेटर मेम. वेगळा फ्रंटएंड (खेळ निवडायचा मेनू) मी टाकलाच नाही, मेमची स्वतःची यादी पुरते. पहिल्या टर्मिनलवर आपोआप लॉगिन, आणि लॉगिन झालं की लगेच मेम. ग्रबची (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) वाट बघण्याची वेळ शून्य केली. खेळ सोडले तर सगळं तीन जीबीच्या आत राहिलं.

आवाजाने मात्र एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. चित्र झकास, पण स्पीकर मुका. वायर काढून घातली, ॲम्प्लिफायर बदलून पाहिला. शेवटी अल्सामिक्सर उघडला तर मास्टरच्या खांबाखाली 'एमएम' ही दोन अक्षरं, म्हणजे म्यूट. ते उघडलं तरी शांतता, कारण पहिलं साउंड कार्ड म्हणून एचडीएमआय धरलेलं आणि माझे स्पीकर दुसऱ्या कार्डावर. दोन ओळी लिहून कार्ड ठरवून दिलं तेव्हा कुठे नाणं पडल्याचा आवाज घरात घुमला. बॅटोसेरात हे मेनूतून निवडता येतं, हेही सांगायला हवं.

इथवर वाचून कुणीही बॅटोसेराच घेईल, आणि मीही घेतलंच होतं. माझा निर्णय फिरला तो दोन एन्कोडर बोर्डांमुळे.

प्रत्येक खेळाडूच्या जॉयस्टिक-बटणांच्या वायरी एका छोट्या यूएसबी बोर्डात जातात. मी स्वस्तातले दोन सारखे बोर्ड घेतले होते. अगदी सारखे: जोडलेल्या यंत्रांची यादी काढली की दोन ओळी अक्षरशः एकच, नाव तेच, ओळख क्रमांक तोच, सीरियल नंबर नाहीच. मशीन सुरू होताना जो आधी सापडेल तो पहिला खेळाडू. बहुतेक वेळा डावा पहिला यायचा. पण चार-पाच दिवसांतून एकदा उजवा पुढे जायचा आणि दोन्ही बाजूंची अदलाबदल व्हायची.

हे कळलं ते दिवाळीत. भाचा डावीकडे उभा, मी उजवीकडे. खेळ सुरू झाला आणि तो ओरडला, "मामा, दाबतोय मी आणि पळतोय तुझा माणूस!" तो जॉयस्टिक उजवीकडे ओढत होता, आणि त्याचा पिवळ्या टोपीवाला मुस्तफा जागच्या जागी मार खात होता. त्याचा चेहरा पडला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, ठीक झालं. पण पुढच्या वेळी खेळायला उभा राहिला की तो आधी जॉयस्टिक हलवून बघायचा, आपला माणूस खरंच आपला आहे का. ते मला फार लागलं. ज्या मशीनवर मुलाला आधी खात्री करून घ्यावी लागते, ते पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही.

दोष बोर्डांचा आहे, सिस्टिमचा नाही. बॅटोसेराच्या मेनूतून कोणत्या खेळाडूला कोणता कंट्रोलर ते नेमता येतं, पण दोन्हींची नावं एकच म्हटल्यावर माझ्याकडे ती नेमणूक भरवशाची राहिली नाही. तिथेही सुरुवातीला आपली स्क्रिप्ट चालवता येते. मी दोन संध्याकाळी खटपट केली. आधी मेनू उठतो की माझी स्क्रिप्ट, याचा मला नेम लागेना. जाणकाराला जमेलही. शिवाय मूळ सिस्टिमच्या फाइलींत केलेले बदल तिथे वेगळे जतन करावे लागतात आणि नवी आवृत्ती घेतली की पुन्हा करावे लागतात. बंदिस्त रचनेची ती किंमत आहे, आणि वीज जाण्यापासून मिळणारं संरक्षणही त्याच रचनेतून येतं.

डेबियनवर मात्र काय कधी उठेल ते मी ठरवतो. नावं सारखी असली तरी बोर्ड ज्या पोर्टात खोचलेत ते पोर्ट वेगळे असतात. प्रत्येक पोर्टावरच्या यंत्रासाठी सिस-एफएसमध्ये (सिस्टिमच्या आतल्या एका खास फोल्डरमध्ये) 'ऑथराइज्ड' नावाची फाइल असते. दोन्ही फाइलींत शून्य लिहिलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन्ही बोर्ड सोडून देतो. मग डाव्याच्या फाइलीत एक लिहायचं, एक सेकंद थांबायचं, आणि उजव्याच्या फाइलीत एक. दहा ओळींची स्क्रिप्ट, आणि ती संपल्याशिवाय लॉगिन सुरू व्हायचं नाही असं सिस्टिमडीला (काय कधी सुरू करायचं ते बघणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगितलेलं. त्या दिवसापासून अदलाबदल एकदाही झालेली नाही.

मागचं बटण बंद करण्याचा हट्टही इथे पुरा झाला. मूळ विभाग फक्त वाचण्यापुरता जोडलाय, तात्पुरत्या फाइली मेमरीत, आणि गुण जपायला एक छोटा वेगळा विभाग, जिथे लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरतं. एक लक्षात ठेवा: मेमचं हायस्कोर प्लगइन मुद्दाम चालू करावं लागतं, आणि गुण खेळातून बाहेर पडतानाच न लिहिता बदलल्याबरोबर लिही, असं त्याच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. नाहीतर भाच्याचा विक्रम बटणाबरोबर जाईल.

वेगाचं मोजमाप मी केलेलं नाही. बटण दाबून स्टूल ओढेपर्यंत डेबियनची यादी आलेली असते. बॅटोसेराला थोडं थांबल्याचं आठवतं, पण तो पेन ड्राइव्हवर होता आणि हे एसएसडीवर आहे, तेव्हा ही तुलना फार धरू नका. मुक्का मारताना हाताला दोन्हींत फरक जाणवला नाही.

कन्सोलचे खेळही हवे असतील, टर्मिनलची सवय नसेल किंवा पुढच्या रविवारी पाहुणे यायचे असतील, तर बॅटोसेरा घ्या. बोर्ड अजून घेतले नसतील तर दोन्ही खेळाडू एकाच बोर्डावर येतील असा घ्या. मग माझं निम्मं कारण उरतच नाही. पण फक्त आर्केडच खेळायचं असेल, हाताशी दोन-तीन शनिवार असतील, आणि आत काय चाललंय ते स्वतःला ठाऊक असावं असं वाटत असेल, तर मी डेबियनच सुचवेन.

पोर्टची नावं तुमच्या मदरबोर्डवर वेगळी असतील. कर्नलचे संदेश समोर चालू ठेवून डावी केबल काढून पुन्हा घाला, जे नाव उमटेल ते स्क्रिप्टमध्ये लिहा. नंतर पोर्ट मात्र बदलू नका. मी डाव्या केबलला आणि तिच्या पोर्टशेजारी लाल इन्सुलेशन टेप लावून ठेवलीय.