द्रुत फाटू नये म्हणून: बेअरवाल्ड की स्टीव्हन्सन?

ख्यालाच्या एलपीवर एका बाजूत राग पूर्ण केलेला असला की विलंबित कडेला येतो आणि द्रुत, ताना, तराणा लेबलाजवळ. तिथेच सुईची खरी परीक्षा असते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलापाशी जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यात कार्ट्रिज (ज्यात सुई बसवलेली असते तो छोटा डबा) वाकडं बसलं असेल, तर तार सप्तकातली तान हमखास फाटते.

मूळ खाच कापणारी सुई सरळ रेषेत सरकते आणि आपला टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) फिरतो कमानीत. त्यामुळे कार्ट्रिज खाचेला अगदी समांतर येतं ते फक्त दोन ठिकाणी. ही ठिकाणं कुठे ठेवायची, एवढाच कार्ट्रिज बसवण्याच्या मांडण्यांमधला वाद; या मांडण्यांना नावं आहेत ती सुचवणाऱ्यांची.

बेअरवाल्डची मांडणी १९४१ची. त्यात हे बिंदू मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात आणि कोनातली चूक पूर्ण तबकडीवर सारखी वाटली जाते. स्टीव्हन्सनच्या १९६६च्या मांडणीत ते ६०.३ आणि ११७.४वर आहेत. लेबलाजवळ आवाज स्वच्छ, त्याची किंमत मधल्या पट्ट्यात थोडी मोजावी लागते. लॉफग्रेनची दुसरी मांडणी मधल्या भागात सर्वांत सरस, पण शेवटाला कच्ची. शास्त्रीय संगीतासाठी मी तिचा विचारच करणार नाही.

तुमच्या रेकॉर्ड्स हातात घ्या आणि खाचा लेबलापासून किती दूर थांबतात ते बघा. बऱ्याच अंतरावर थांबत असतील तर बेअरवाल्ड. लेबलाला भिडत असतील, किंवा सिनेगीतांच्या सात इंची ईपी जास्त असतील (त्यांच्या खाचा आणखी आत जातात), तर स्टीव्हन्सन. माझ्याकडे आजोबांची शास्त्रीय रेकॉर्ड्सची पेटी आहे, म्हणून मी स्टीव्हन्सनवर स्थिरावलो. अनेक जपानी आर्मची मूळ मांडणीही त्याच्याच जवळची असते. अशा आर्मवर बेअरवाल्ड हवं असेल, तर कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज कसायच्या पट्टीत) पुढे सरकवून किंचित तिरकं कसावं लागतं.

प्रोट्रॅक्टर (हे दोन बिंदू आखलेला, कार्ट्रिज जुळवून बघायचा तक्ता) कागदी घ्यावा की आरशाचा? कागदी फुकट पडतो. नागपुरात बर्डीतून मी छापून आणला, तो पानावर मावावा म्हणून आपोआप लहान झाला होता, आणि दोन दिवस मी चुकीच्या बिंदूंवर घाम गाळला. छापल्यावर पट्टीने मोजाच. आरशात सुईच्या दांडीचं प्रतिबिंब दिसतं, त्यामुळे डोळा चुकत नाही. थोडे पैसे गेले तरी मी आरसाच सुचवेन.

आधी सुईचा भार लावा, मग मांडणी, मग भार पुन्हा तपासा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि कार्ट्रिजमधलं रबर मऊ पडतं, म्हणून हे काम रात्री, खोली निवल्यावर करा. कूलरचा झोत मात्र टर्नटेबलकडे नको.