कोथरूडच्या गच्चीवरून तेजोमेघ: एल-एक्स्ट्रीम फिल्टर वापरल्यावर

ऑप्टोलाँगचा दोन इंची एल-एक्स्ट्रीम फिल्टर मी गेले काही हिवाळे वापरतेय. सोबत ८० मिलिमीटरची दुर्बीण, कलर कॅमेरा आणि आकाशाच्या गतीनं फिरणारं माउंट. जागा कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची. पुण्यातून तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढायचे असतील तर हा फिल्टर घ्या, हे आधीच सांगून टाकते. किंमत पाच आकडी आहे, पण वसूल होते. मात्र त्यातून येणाऱ्या रंगांचं पुढं काय करायचं, हे विकणारे कुणी सांगत नाहीत, म्हणून हे लिहितेय.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ज्योत परीक्षेत सोडियमचा पिवळा दाखवताना मुलांना सांगते, की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीलाच बोलतं. हा फिल्टर त्याच तत्त्वावर चालतो. प्रत्येकी ७ नॅनोमीटरच्या दोनच फटी तो उघड्या ठेवतो: एक हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेभोवती, दुसरी ऑक्सिजनच्या ५००.७ च्या निळसर हिरव्या रेषेभोवती. बाकीचा प्रकाश बाहेरच. रस्त्यावर सोडियमचे दिवे होते तोवर साधे प्रकाशप्रदूषणरोधक फिल्टरही चालून जायचे, कारण तो प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरतो. त्यातला नेमका तुकडा कापून काढणं शक्य नसतं, म्हणून आता अरुंद फटच हवी.

फरक पहिल्याच फ्रेममध्ये दिसतो. एकशृंगी तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ आमच्या गच्चीवरून फिल्टरशिवाय म्हणजे नुसता राखाडी पडदा. फिल्टर लावून पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की एकाच फ्रेममध्ये पाकळ्यांची कड उमटते. चांदण्यातही काम चालतं. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आटत असताना शर्मिष्ठेतल्या हार्ट तेजोमेघाचा हायड्रोजन व्यवस्थित मिळतो. ऑक्सिजन मात्र चंद्रप्रकाशात मार खातो, तो अमावास्येकडच्या रात्रींसाठी राखून ठेवावा. फोकस फिल्टर लावल्यानंतरच करा, आधीचा चालत नाही.

आता रंग. शेजारच्या वहिनींना एकदा दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ दाखवला. त्यांनी आधी माझा फोटो पाहिला होता. डोळा लावून म्हणाल्या, “अगं, हा तर राखाडी दिसतोय. फोटोतला लाल कुठंय?” प्रश्न अगदी बरोबर होता. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत आणि गडद लाल तर त्या जवळजवळ पकडतच नाहीत. कॅमेऱ्यातला लाल खरा आहे, तो प्रकाश तिथून निघालेला आहे. पण फिल्टरमधून आलेला लाल हा तिथल्या हायड्रोजनचा पूर्ण रंग नव्हे. त्याच हायड्रोजनची ४८६.१ ला एक निळी रेषा असते. ती मिसळते म्हणून फिल्टरशिवायच्या फोटोत मृगाचा तेजोमेघ गुलाबीकडे झुकतो. या फिल्टरमध्ये ती रेषा अडते आणि उरतो निव्वळ लाल.

मला इतपत चालतं. फोटोच्या लाल चॅनेलमध्ये (रंगाच्या थरात) हायड्रोजन, हिरव्या आणि निळ्यात ऑक्सिजन, अशी मांडणी प्रत्यक्षाच्या जवळची आहे, कारण ५००.७ चा प्रकाश खरोखर निळसर हिरवाच असतो. हायड्रोजन फार जोरकस म्हणून मी ऑक्सिजन थोडा वर उचलते. कॉन्ट्रास्ट किती ताणायचा, कुठली बाजू वर ठेवायची, चौकट कुठं कापायची, हे माझ्या आवडीनं ठरवते. त्यात मला काही गैर वाटत नाही.

सोनेरी रंगाचं मात्र पटत नाही. हबल अवकाश दुर्बिणीनं १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांमुळे सगळ्यांना तो सोनेरी-निळा हवासा वाटतो. तिथं गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. रंग नेमून दिलेले, पण तिन्ही मोजमापं वेगवेगळी घेतलेली. गंधकाच्या रेषा ६७२ च्या आसपास असतात आणि आपल्या फिल्टरची लाल फट त्याच्या अलीकडेच संपते. म्हणजे आपल्या फोटोत गंधक मुळात नाहीच. दोन चॅनेलची मिसळ करून बनवलेला सोनेरी रंग बघायला छान दिसतो, पण त्यावर ‘हबल पॅलेट’, म्हणजे हबलची ही रंगयोजना, असं लिहिलं की बघणारा तिथं गंधक आहे असं वाचतो. एवढी तीन फुटांची सुंदर प्रिंट भिंतीवर लावायची आणि तिच्याखाली चुकीचं लिहायचं, हे मला बघवत नाही.

धनु राशीतला ट्रिफिड तेजोमेघ या फिल्टरची मर्यादा सगळ्यात स्पष्ट दाखवतो. त्याचा एक भाग लाल, स्वतः प्रकाशणारा. शेजारचा निळा, ताऱ्याचा प्रकाश धुळीवरून परतून आलेला. परावर्तित प्रकाश सगळ्या तरंगलांबींत विखुरलेला असतो, त्यामुळे फिल्टर तो जवळपास पुसून टाकतो. अर्धा ट्रिफिड जातो. कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुक्याचंही तेच. त्यासाठी फिल्टर काढा आणि शहराबाहेर पडा. ताऱ्यांचे रंगही बिघडतात, म्हणून मी फिल्टरशिवाय थोडी छोटी एक्स्पोजर घेऊन त्यातले तारे जोडते आणि फोटोखाली तसं लिहिते.

या जातीच्या फिल्टरांत तेजस्वी ताऱ्यांभोवती वलयं येऊ शकतात. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी अल्निटाक हा हॉर्सहेड तेजोमेघाजवळचा तारा त्याची कसोटी बघतो. वलय काचेतल्या परावर्तनाचं असतं, आकाशातलं नसतं, म्हणून ते हलकं करायला माझी हरकत नाही. नॉइज काढणाऱ्या एआयबद्दल मी जास्त सावध असते. ते कधीकधी नसलेले तंतू काढून ठेवतं. माझी पद्धत अशी: सगळ्या फ्रेम्सचे दोन गट करायचे, दोन्ही वेगवेगळे स्टॅक करायचे, म्हणजे प्रत्येक गटातल्या फ्रेम्स एकावर एक रचून एक फोटो करायचा. तंतू दोन्हींत दिसला तर ठेवायचा, एकातच असेल तर स्लायडर मागं घ्यायचा. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं.

ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासूनची हौशी खगोलप्रेमींची संस्था आपल्या टिळक रस्त्यावर आहे. नवशिक्यांनी खरेदीआधी अनुभवी माणसांशी बोलावं. माउंट नीट चालत नसेल तर आधी त्यावर खर्च करा. पाच मिनिटं तारे गोल राहिले नाहीत तर या फिल्टरचा उपयोग नाही. एफ/२ सारख्या फार वेगवान लेन्सवर तिरक्या किरणांमुळे फटी सरकतात, तिथं हा घेऊ नका. पुढं मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर सव्वा इंचीऐवजी दोन इंचीच घ्या. आणि जूनच्या आत घेतलात तर धनु राशीतला लगून तेजोमेघ आधी धरा: पुण्यातून तो दक्षिणेला सत्तेचाळीस अंशांपर्यंत वर येतो, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, आणि पाऊस सुरू झाला की थेट पुढच्या वर्षी.