छोट्या मिलिंग मशिनला डीआरओ बसवला, त्याचा सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी आठ इंची न्यूटोनियन दुर्बिणीच्या दुय्यम आरशाचा होल्डर करत होतो. ॲल्युमिनियमचा गोल तुकडा, त्यात ३० मिमी पीसीडीवर (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) १२० अंशांनी तीन भोकं. माझ्या टेबलवरच्या छोट्या मिलिंगचा स्क्रू एका फेऱ्यात दीड मिलिमीटर सरकतो. म्हणजे दुसऱ्या भोकावरून तिसऱ्यावर जायला २५.९८ मिमी, म्हणजेच १७ फेरे आणि वर ०.४८. तेराव्या की चौदाव्या फेऱ्याला दाराची बेल वाजली. परत आलो तोवर आकडा डोक्यातून गेला होता. अंदाजाने पुढे गेलो आणि भोक बरोबर दीड मिलिमीटर चुकलं. तीन तासांचं काम भंगारात गेलं. त्याच रात्री डीआरओ, म्हणजे टेबल किती सरकलं ते स्क्रीनवर आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट, मागवला.

भोसरीत ३१ वर्षं टूलरूमला काढली, त्यामुळे डीआरओ माझ्या रोजच्या हाताखालचा. पण कंपनीत तो बसवून देणारी माणसं येत. घरच्या लहान मशिनवर स्वतः बसवण्याची ही पहिलीच वेळ, आणि सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं या बसवण्यातच आहे.

मागवलेला संच तीन अक्षांचा (एक्स म्हणजे टेबल डावी-उजवीकडे, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली): एक एलसीडी स्क्रीन, पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तीन काचेच्या स्केल, वायरी आणि ब्रॅकेटची एक पिशवी. कुरिअर धरून साडेएकोणीस हजार पडले. आधी झेडला मी डिजिटल व्हर्नियरच्या जातीची स्वस्त पट्टी लावली होती. तिची बटन बॅटरी नको तेव्हा संपायची आणि कूलंटचा थेंब पडला की आकडे नाचायचे. त्यामुळे या वेळी काचेचीच घ्यायची हे नक्की होतं. मॅग्नेटिक स्केल पाण्या-तेलाला आणखी चांगली टिकते आणि हवी तेवढी कापता येते, पण माझ्या खिशाला ती जड होती.

काचेच्या स्केलमध्ये काचेवर दर २० मायक्रॉनला एक अशा बारीक रेषा असतात. त्यांच्यातून प्रकाश जातो, आणि त्या रेषा वाचणारं हेड स्केलवरून सरकताना त्यातून दोन सिग्नल निघतात, एकमेकांपासून पाव रेषा मागेपुढे. दोन्हींच्या कडा मोजल्या की एका रेषेचे चार भाग होतात, म्हणून पाच मायक्रॉन. कुठला सिग्नल आधी आला त्यावरून दिशा कळते. महत्त्वाचं हे की हे मोजमाप सरळ टेबलाचं आहे, स्क्रूचा त्यात संबंध नाही. माझ्या एक्सच्या स्क्रूत पाव मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. शिकाऊ असताना आमच्या फोरमननी हँडल कायम एकाच बाजूने आणायची सवय लावली होती. ती आता मोजण्यासाठी लागत नाही, फक्त कटरने टेबल ओढू नये म्हणून पाळतो.

आता बसवण्याचं. सगळ्यात आधी, मशिन खोलण्यापूर्वी ब्रॅकेट त्याच मशिनवर मिल करून ठेवा. मी निम्मं मशिन उघडल्यावर मग ब्रॅकेटला लांबट भोकं पाडायला बसलो, आणि पुन्हा सगळं जोडावं लागलं. संचातले एल ब्रॅकेट मोठ्या मशिनच्या मापाचे आहेत. माझ्या कामाला त्यातला एकच आला. बाकीचे ॲल्युमिनियमच्या अँगलमधून केले आणि एम४चे चांगले स्क्रू बोहरी आळीतून आणले, कारण सोबत आलेल्यांची डोकी एल-कीने दुसऱ्यांदा फिरवताच गोल झाली.

एक्सची स्केल टेबलाच्या मागे लावायची पद्धत आहे. मोठ्या मशिनवर ते ठीक. माझा वायचा प्रवास मुळात १०० मिमी, आणि मागे स्केल लावली की ती कॉलमला अडून त्यातले पंचवीसेक मिलिमीटर खाते. म्हणून मी ती पुढे लावली. त्यात टेबलाच्या स्टॉपची खाच गेली, तिचं मला दुःख नाही. पण सॅडलच्या (टेबलाखालचा पुढे-मागे सरकणारा भाग) पुढच्या तोंडाला गिबचे (सरकत्या भागाचा सैलपणा काढणारी पट्टी) स्क्रू आहेत, ते झाकले जाऊन चालणार नव्हतं. शेवटी ब्रॅकेटला मधोमध खाच कापली, आता एल-की आत जाते.

वायची स्केल बेसच्या उजव्या अंगाला बसवली. ही सगळ्यात वाईट जागा, सगळ्या चिपा तिथेच पडतात. स्केलच्या पेटीला रबराचे दोन ओठ असतात आणि त्यांच्या फटीतून हेड चालतं. ते ओठ खाली किंवा चिपांच्या विरुद्ध बाजूला हवेत. त्यावर मी पत्र्याचं झाकणही घातलं. झेडला कॉलमची डावी बाजू दिली. बिडात चार टॅप मारायचे होते, पुतण्याने ड्रिल धरलं आणि मी गुण्या लावून बघत राहिलो.

स्केल ओळीत आणायला खरा वेळ लागतो. मॅग्नेटिक स्टँडवर डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लावून ती स्केलच्या पेटीवर फिरवायची, एकदा उभ्या तोंडावर आणि एकदा आडव्या. पूर्ण लांबीत ०.१ मिमीच्या आत आलं पाहिजे. बेसचं बीड नुसतं रंगवलेलं, मशिनिंग केलेलं नसतं, त्यामुळे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालावेच लागतात. माझ्या वायला एका टोकाला ०.३ चा शिम लागला. हेड लाल प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी धरलेलं येतं. त्यांनीच हेड आणि पेटीमधली फट राखलेली असते. ब्रॅकेट पूर्ण आवळेपर्यंत ते काढू नका. आणि ब्रॅकेट आवळताना हेड ओढलं जात असेल तर स्क्रू जास्त आवळण्यापेक्षा ब्रॅकेटखाली शिम द्या. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी मोटर सुरू केली आणि वायचा आकडा उडायला लागला. मोटर बंद, आकडा स्थिर. एक्स आणि वायचे प्लग अदलाबदल करून पाहिले, दोन्ही अक्षांवर तेच, म्हणजे स्केल निर्दोष. डीसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारं कार्ड गोंगाट करत होतं. स्क्रीनच्या मागे अर्थिंगचा स्क्रू आहे, तिथून जाड वायर मशिनच्या अंगाला जोडली आणि मोटरची वायर स्केलच्या वायरींपासून लांब नेली. त्यानंतर एकदाही आकडा उडालेला नाही. पुस्तिकेत यावर एक ओळही नाही. मुळात त्या पुस्तिकेचं इंग्रजी इतकं वाईट आहे की अक्षाची दिशा उलटवायची सेटिंग मी बटणं दाबून दाबून शोधली.

वापरताना मात्र मन भरून येतं. जॉबच्या एका कडेला एज फाइंडर (कड शोधायचं साधन) टेकवून झिरो, दुसऱ्या कडेला टेकवून अर्ध्याचं बटण, आणि टेबल शून्यावर आणलं की मध्य मिळाला. एज फाइंडरच्या टोकाची त्रिज्या वजा करायलाही नको, दोन्ही बाजूंनी ती सारखीच येते. पीसीडीला व्यास, भोकांची संख्या आणि सुरुवातीचा कोन दिला की प्रत्येक भोकासाठी दोन्ही आकडे शून्यावर आणत जायचं. तो होल्डर पुन्हा केला, चहा होईपर्यंत तिन्ही भोकं पडली होती. आमच्या दुर्बिणीच्या कामात आयपीसची नळी सव्वा इंचाची, म्हणजे ३१.७५ मिमी, आणि स्क्रू मेट्रिक. एका बटणावर इंच-मिमी बदलतं, याची किंमत माझ्यासारख्यालाच कळेल.

दर गुरुवारी आमच्याकडे लाईट जायची भीती असते. आकडा पुसला गेला तर स्केलवरची संदर्भखूण शोधून झिरो परत आणता येतो, पण त्यासाठी काम सुरू करतानाच ती खूण एकदा घेऊन ठेवावी लागते. मी विसरू नये म्हणून स्क्रीनवर कागद चिकटवलाय.

आता महत्त्वाची सूचना. शेवटचा आकडा पाच मायक्रॉनचा आहे म्हणून काम पाच मायक्रॉनमध्ये बसेल असं धरून चालू नका. माझी स्केल पुढच्या कडेला, कटर तिच्यापासून ८० मिमी आत. गिब सैल असताना टेबल एका अंशाचा साठावा भाग वळलं तरी तिथे २३ मायक्रॉनचा फरक पडतो, आणि स्केलला तो दिसत नाही. पाहायचं असेल तर टेबल लॉक करताना स्क्रीनकडे बघा. माझ्याकडे सुरुवातीला आकडा १५ मायक्रॉन हलायचा. गिब नीट घासून बसवली, आता पाचावर आलाय. झेडचंही तेच. मशिनचं हेड कुठे आहे ते स्केल सांगते, पण कापताना हा बारका कॉलम किती वाकला ते सांगत नाही. म्हणून शेवटचा कट मी हलकाच घेतो.

५० मिमीची स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) लावून एक्स तपासला, ४९.९९५ आला. माझ्या कामाला एवढं पुष्कळ आहे, स्क्रीनमधल्या कॉम्पेन्सेशनला (चूक भरून काढायची सेटिंग) हातही लावला नाही.

घ्यायचा विचार असेल तर मागवण्याआधी पुठ्ठ्याची पेटी कापून मशिनवर धरून बघा. स्केलची लांबी सांगतात ती मोजण्याची, पेटी बाहेरून त्यापेक्षा शंभराहून जास्त मिलिमीटरने लांब असते. माझी वायची स्केल १५० ची आहे, तिचं मागचं टोक बेसच्या बाहेर आलंय, आणि त्यासाठी मला मशिन भिंतीपासून एक वीत पुढे ओढावं लागलं.