रक्ताहून शाबासकीची तहान मोठी

एस. टी. गिब्सन यांची ‘ॲन एज्युकेशन इन मॅलिस’ ही २०२४ साली आलेली इंग्रजी कादंबरी दोन मुलींची प्रेमकथा म्हणून ओळखली जाते आणि ती तशी आहेही. परंतु वाचून झाल्यावर मनात ठाण मांडून बसतात त्या कवितेच्या प्राध्यापिका द लाफोंतेन, ज्या व्हॅम्पायर म्हणजे माणसाच्या रक्तावर जगणाऱ्या आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या आडबाजूच्या टेकड्यांत सेंट पर्पेच्युआ नावाचे मुलींचे कॉलेज आहे आणि काळ १९६०च्या दशकाचा. तिथे नव्याने दाखल झालेली भाविक लॉरा आणि बाईंची लाडकी कार्मिला यांच्यात आधी चुरस लागते, मग ओढ निर्माण होते.

या नावांमागे जुने घराणे आहे. शेरिडन ल फानू यांची ‘कार्मिला’ ही व्हॅम्पायर तरुणीची कथा १८७१-७२मध्ये क्रमशः छापली गेली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधी. त्या कथेतली लॉरा ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातल्या एकाकी गढीत वडिलांसोबत राहते, सगळी हकिकत तीच सांगते आणि शेवटी पुरुषमंडळी जमून थडग्यातल्या कार्मिलाचा निकाल लावतात. गिब्सन यांनी निवेदन दोघींत वाटून दिल्यामुळे इथे कार्मिलालाही स्वतःची बाजू मिळते, आणि ती बाजू प्रेमापेक्षा अधिक बोचते ती बाईंशी असलेल्या नात्यामुळे. आपले रक्त बाईंना द्यायचे आणि बदल्यात त्यांच्या जवळची जागा, त्यांचे कौतुक, आपण निवडक असल्याची खात्री घ्यायची, हा तिचा व्यवहार आहे. एकलव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आणि पुढे पीएच.डी.च्या सहीसाठी गाईडकडे खेटे घातलेल्या वाचकाला यात परके असे काही वाटणार नाही. भर वर्गात दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करून बाई ज्या थंडपणे निरीक्षण करतात, ते प्रत्यक्ष चाव्यापेक्षा भीतिदायक आहे.

वातावरणनिर्मितीत मात्र हात आखडता राहिला आहे. १८७८मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्याच्या खालच्या ग्रंथालयातले गोल जिने आणि रंगीत काचांतून उतरणारा उजेड ज्यांना ठाऊक आहे, त्या मुंबईकरांना गॉथिक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही; म्हणूनच या कॉलेजचा दगड हाताला लागत नाही, हे लगेच जाणवते. कवितेची चर्चा भरपूर आणि कविता मोजकीच, हीही तक्रार आहे. या मुली प्रतिभावंत आहेत हे आपण लेखिकेच्या शब्दावर मान्य करायचे.

काळाचा दाबही फारसा जाणवत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातल्या सुमित्राला कॉलेजच्या आवारात एका मुलीवरच्या आपल्या प्रेमाची जी किंमत मोजावी लागते, तिच्या पासंगालाही पुरेल असे इथे काही घडत नाही. कोणी याला पळवाट म्हणेल. मला ती निवड पटली, कारण अशा मुलींच्या वाट्याला शेवटी मरण किंवा बदनामीच यायची, हा शिरस्ता साहित्याने पुष्कळ पाळून झाला आहे. इथे त्यांना मोह, मत्सर आणि महत्त्वाकांक्षा या इतरांच्याच अडचणी भोगू दिल्या आहेत.

उत्तरार्धात रहस्याचा पसारा वाढतो, जुनी वैरे वर येतात आणि बाईंची व्यक्तिरेखा जितकी गुंतागुंतीची झाली होती, तितका वेळ शेवटाला दिलेला नाही. घाई दिसते. भाषा अलंकारिक आहे, क्वचित अतिगोड, तरी बोरिवली ते चर्चगेट लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर पुस्तक हातातून सुटत नाही. शेजारणीने पानात डोकावू नये एवढी काळजी मात्र घ्यावी, कारण रक्ताची आणि शय्येची वर्णने आडपडदा न ठेवता केलेली आहेत. त्याच कारणाने नुकत्याच अकरावीत गेलेल्या भाचीला हे भेट देऊ नये; साहित्यात एम.ए. केलेल्या मैत्रिणीला खुशाल द्यावे, आणि तिच्या गाईडबद्दल ती काय सांगते तेही ऐकावे.