पंधरा अँपिअरच्या फ्यूजसाठी नवा सेट, बल्ब आणि जवळजवळ बॅटरीसुद्धा

जुन्या गाडीचा कंपनी फिटेड रेडिओ अचानक बंद पडला आणि ॲक्सेसरीजवाला "साब, आयसी गया", म्हणजे सेटच्या आतली चिप गेली, असं म्हणाला, तर त्याला फक्त एक विचारा, आयसी गेली हे कशावरून? आमच्या मामांनी विचारलं होतं बरं का. तेव्हा त्याने सेट बाहेर काढला, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला जळल्याचा वास येतोय. ही झाली टेस्टिंग.

गाडी मामांची, 2009 ची स्विफ्ट झेडएक्सआय, डॅशबोर्डमध्ये मापात बसवलेला मूळ सेट. मामा मुलुंडचे, रिटायर्ड, रोज सकाळी गाडीत अस्मिता वाहिनी लावायची, 558 किलोहर्ट्झ, हे ठरलेलं. गाडी धुणाऱ्याच्या ओळखीच्या एका पोराने केबिन लाइटमध्ये पांढरा एलईडी बसवून दिला आणि त्याच दिवशी रेडिओ गेला, केबिन लाइट गेला आणि घड्याळही गेलं. तिन्ही एकदम. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं ह्याच्यावरच आहे.

दुकान पूर्व उपनगरातलं, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. मामांनी तिथे सांगितलं की तिन्ही गोष्टी एकदम गेल्यात, तर त्याने तिन्हीचे तीन आजार काढले. रेडिओची आयसी गेली. केबिन लाइटचा बल्ब गेला, नवा घातला, त्याचे 250 लावले, तरी लागेना, मग म्हणे वरची वायर उंदराने कुरतडलीय, छत उघडायला लागेल, ते नंतर बघू (मुंबईत उंदराचं नाव घेतलं की कोणी वाद घालत नाही). घड्याळ म्हणे जुनं झालं. आणि नवीन अँड्रॉइड सेट, फ्रेम आणि फिटिंग धरून 9,500, त्यातून जुन्या सेटचे भंगार म्हणून 300 वजा. पावतीच्या नावाने चिठ्ठी, तिच्यावर "म्युझिक काम" एवढंच, ना मॉडेल ना जीएसटी नंबर. नव्या सेटमध्ये एएम, म्हणजे अस्मिता वाहिनी लागते तो बँड, नाहीच, हे मामांना घरी आल्यावर कळलं.

खरी मजा पुढे आहे. गाडी दोन रात्री उभी राहिली की स्टार्ट होईना. दुकानात फोन केला तर उत्तर तयार, बॅटरी पुरानी हो गयी साब, बदल डालो, मैं लगा देता हूँ. तेव्हा मामांनी मला फोन केला आणि मी भांडुपच्या आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन गेलो. ह्या माणसाने आधी काही बोलायच्या ऐवजी स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं. त्याच्यावर लिहिलेलंच असतं, रेडिओ आणि डोम (म्हणजे केबिन लाइट), एकच फ्यूज, 15 अँपिअरचा निळा. रेडिओच्या मेमरीचा कायम चालू सप्लाय, केबिन लाइट, घड्याळ, सगळं त्याच्यावर. फ्यूज काढून उजेडात धरला तर आतली तार मधोमध तुटलेली. त्या एलईडीची मागची पट्टी होल्डरच्या पत्र्याला टेकत होती, शॉर्ट झाला, फ्यूजने आपलं काम केलं. नवा फ्यूज दहा रुपयांचा. घातल्याबरोबर केबिन लाइट लागला, कुरतडलेल्या वायरीसकट, आणि घड्याळ बाराचे ठोके दाखवत उठलं.

आता कोणी म्हणेल दुकानदाराला कळलं नसेल, चुकून झालं असेल. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण इलेक्ट्रिशियनने सेट पुढे ओढला तर मागे कंपनीचा कपलर, म्हणजे सेटला वायरी जोडणारा प्लग, कापलेला, सगळ्या वायरी पिळून काळी टेप मारलेली, आणि एक नवी लाल वायर थेट बॅटरीपासून इंजिनच्या भिंतीतल्या रबरातून आत आणलेली, मध्ये फ्यूज नाही. म्हणजे बघा, कपलरवर मेमरीचा सप्लाय येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तर त्याने बॅटरीवरून वायर ओढली. सप्लायच नाही हे माहीत असताना सेटची आयसी गेली असं तो कसं म्हणाला? ही लाल वायर म्हणजे त्याचा कबुलीजबाब आहे, त्याने स्वतःच्या हाताने टेप मारून ठेवलेला.

वर आळस असा की नव्या सेटच्या पिवळी आणि लाल दोन्ही वायरी त्याच एका वायरला जोडल्या. पिवळी म्हणजे मेमरी, तिला कायम 12 व्होल्ट लागतात, लाल मात्र चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. दोन्ही एकत्र केल्या की स्क्रीन बंद दिसते पण सेट आत जागाच राहतो. गाडी लॉक करून मीटर लावला तर अर्ध्या अँपिअरच्या वर करंट जात होता, उभ्या गाडीत साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असायला पाहिजे. 35 एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी त्यात कशी टिकणार. बॅटरी चार्ज करून बघितली, ठणठणीत. आणि बिनफ्यूजची वायर पत्र्यावर घासून कापली गेली असती तर गाडीच पेटली असती, हा राग वेगळाच.

तुमचा रेडिओ गेला तर दुकानात जायच्या आधी बघा की त्याच्याबरोबर अजून काय गेलंय. केबिन लाइट, घड्याळ, मोबाईल चार्जरचं सॉकेट. बरोबर काही गेलं असेल तर आधी फ्यूज, आणि सेटच्या पाठीवरही बऱ्याचदा एक छोटा फ्यूज असतो तोही बघायचा. सेट गेला असं सांगितलं तर म्हणायचं टेबलवर बॅटरी लावून दाखव, प्लस, मायनस आणि चावीची वायर दिली की चालू सेट पेटतो, पाच मिनिटांचं काम आहे. मूळ गाडीच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे "पिवळीत करंट नाही" ह्यावर विश्वास ठेवू नका, मीटर लावायला सांगा. स्कोडा, फोक्सवॅगनच्या जुन्या सेटवर बॅटरी काढल्यावर "सेफ" असं येतं, तो सेट मेलेला नसतो, कोड मागत असतो, तिथेही नवा सेट विकणारे आहेत. नवा सेट घ्यायचाच असेल तर कपलर कापू द्यायचा नाही, तयार ॲडॉप्टर मिळतात. आणि जुना सेट स्वतःच्या पिशवीत घालून घरी आणायचा, भंगार म्हणून अजिबात सोडायचा नाही.

आमचा गेलाच. मागायला गेलो तर म्हणे कुर्ल्याला भंगारात गेला, कोणाला दिला आठवत नाही. पैसे यूपीआयने दिले होते म्हणून निदान पुरावा आहे, कापलेल्या कपलरचे आणि त्या लाल वायरीचे फोटो आहेत, 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय. तक्रार गेल्यावर दुकानातून फोन आला, अर्धे पैसे घ्या आणि विषय मिटवा. मामा म्हणाले पैसे राहू दे, मला माझा रेडिओ दे. मामी म्हणतात अर्धे तरी घ्या. सध्या घरात हे भांडण चालू आहे.

कुणाच्या ओळखीत जुनी स्विफ्ट झेडएक्सआय स्क्रॅपला जात असेल तर सांगा, मूळ सेट पाहिजे, बटणं शाबूत असलेला, आणि कपलर वायरींसकट हातभर लांब ठेवून कापलेला, म्हणजे आमच्या गाडीला परत जोडता येईल.